आधी आपली चूक

चंडीगढला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी घरमालकांच्या व्हरांड्याचं तळं केलं. मी वरच्या मजल्यावर, ते खाली. पाण्याची मोटर लावून मी तशीच विद्यापीठात शिकवायला निघून गेले. परत आले तेव्हा गच्चीवरची टाकी वाहून वाहून त्यांच्या वेताच्या खुर्च्या, पायपुसणी आणि एक जुना रेडिओ न्हाऊन निघाला होता. फाटकातच ते उभे होते. सहा फुटांच्या वर उंची, पांढरेशुभ्र केस, ऐंशीच्या घरातलं वय, अंगात हाताने विणलेला स्वेटर आणि खाली अर्धी चड्डी. रागावल्यासारखे अजिबात दिसत नव्हते. त्यांनी मला एवढंच सांगितलं की संध्याकाळी सहा वाजता डीब्रीफ आहे.

म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण नवं घर जाणार असं मात्र पक्कं वाटलं. सहा वाजता मी सांगलीहून आणलेल्या भडंगाचा डबा घेऊन खाली गेले. रिकाम्या हाताने बोलणी खायला जाऊ नये, एवढं वळण मला घरात लागलेलं आहे. जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात एक लहानसं टेबल होतं, त्याच्याभोवती तीन खुर्च्या. टेबलावर दोन कप कॉफी, दोन्हींवर बशा झाकलेल्या. त्यांनी भडंगाचा डबा बाजूला सरकवला, मला बसायला सांगितलं आणि स्वतःच्याच चुका सांगायला लागले. मोटरचं बटण कुठे आहे ते दाखवलं, पण टाकी किती वेळात भरते ते सांगितलं नाही, ही पहिली चूक. दुपारी पाण्याचा आवाज आला तेव्हा पाऊस असेल म्हणून कूस बदलली, ही दुसरी. नोव्हेंबरात चंडीगढला असा पाऊस पडत नाही हे माहीत असून तसं मानून घेतलं, ही तिसरी. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अब तुम."

मी गोंधळून गेले. आमच्याकडे काही सांडलं, फुटलं, की मोठे बोलतात आणि लहान आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघतात. इथे सगळंच उलटं. मी चाचरत मोटर विसरल्याचं कबूल केलं आणि जरा सावरून घ्यावं म्हणून पुढे जोडलं की मला फार वाईट वाटतंय. त्यांनी हात वर करून थांबवलं. "जो देखा वो बोलो. जो लगा वो बाद में." मग मी जे घडलं तेवढंच सांगितलं. त्यांनी बशी उचलली, कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले की झालं, आता हे जिन्यावरून वर न्यायचं नाही. त्यानंतर भडंगाचा डबा उघडला आणि अर्धा संपवला.

कप सरकवला की डीब्रीफ संपली, हा नियम मला पुढे कळला. विमानातून उतरल्यावर लढाऊ वैमानिक एका खोलीत बसतात आणि आकाशात काय काय चुकलं ते एकमेकांना सांगतात, ती ही बैठक. तिथे हुद्दा नसतो. जो पुढे होता तो आधी आपल्या चुका सांगतो. जे आकाशात नव्हते त्यांनी तोंड उघडायचं नाही. खोलीतलं बाहेर न्यायचं नाही. आमचे हे घरमालक अमेरिकन, तरुणपणी व्हिएतनामच्या युद्धात लढाऊ विमान चालवलेले. पुढे अमेरिकेतच वैद्यकी शिकायला आलेल्या एका पंजाबी मुलीशी त्यांनी लग्न केलं. तिचे आईवडील थकले तेव्हा ती म्हणाली, मी घरी चालले, आणि हे तिच्या मागोमाग चंडीगढच्या सेक्टर अकरामध्ये आले ते कायमचे. ती मुलांची डॉक्टर. सेक्टरातल्या निम्म्या मिशाळ पुरुषांनी लहानपणी तिच्या हातची इंजेक्शनं खाल्लेली. मी राहायला आले त्याच्या चार वर्षं आधी ती गेली होती. घर तिचं, त्यामुळे हे स्वतःची ओळख घरजावई अशीच करून द्यायचे.

त्यांचं हिंदी हा एक स्वतंत्र विषय होता. ते त्यांनी बायको आणि सासू यांच्याकडून उचललं होतं, आणि दोघी बोलताना जशा बोलायच्या तसंच ते बोलायचे. नाक्यावरच्या पोलिसाने गाडी थांबवली की हा सहाफुटी गोरा खिडकीतून डोकं काढून सांगणार, "पुत्तर, मैं तो बस सब्ज़ी लेने जा रही हूँ." पोलीस सलाम ठोकून सोडून द्यायचा. रागावले तर थेट सासूबाई अंगात यायच्या. एकदा भाजीवाल्याने शिळा पालक दिला तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवून त्याला जे सुनावलं, ते ऐकायला शेजारच्या दोन आज्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या आणि समाधानाने परत गेल्या.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी मारुती होती. ती सुरू करण्यापूर्वी ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. चाकाला हात लावायचा, वायपर उचलून बघायचा, वाकून खाली डोकवायचं, शेवटी बॉनेटवर हात ठेवून क्षणभर थांबायचं. विमानाची करायचे तशी ही तपासणी, पण आमच्या दूधवाल्याला ती गाडीची पूजा वाटायची. तो सायकल थांबवून हात जोडायचा आणि प्रदक्षिणा पूर्ण झाल्याशिवाय पुढे जात नसे. मी त्याला खरं काय ते सांगायला गेले तर अंकलनी मला अडवलं. त्यांच्या मते दूधवाल्याचंही काही चुकत नव्हतं.

हो, मीही त्यांना अंकलच म्हणायचे. त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी मात्र ते चालायचं नाही. तिथे ते नंबर वन आणि मी नंबर टू.

समोरच्या घरात एक निवृत्त ब्रिगेडियर राहायचे. युद्धकथांची त्यांना फार हौस. दर थंडीत एखादी बाटली घेऊन ते यायचे आणि आज अंकलना बोलतं करणारच असा चंग बांधायचे. अंकल बोलायचेही. थायलंडमधल्या तळावरची उष्णता, मेसमधली भुकटीची अंडी, धावपट्टीवर झोपणारा एक लंगडा कुत्रा, पावसाळ्यात बुटात उगवलेली बुरशी. ब्रिगेडियर ग्लास खाली ठेवून विचारायचे की हे ठीक आहे, पण लढाईचं काय. त्यावर अंकल शांतपणे सांगायचे की तेव्हा फार उकडत होतं. ब्रिगेडियर माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्यांची समजूत अशी की हा मनुष्य भलताच विनयशील आहे. माझीही तीच होती.

एका गणपतीत मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. चंडीगढचं मराठी मंडळ म्हणजे बदलीवर आलेले फौजी, हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि विद्यापीठातले आम्ही. सगळे आपापल्या जिल्ह्याचं मराठी घट्ट धरून बसलेले, आणि मुलं मात्र आरतीच्या मधूनच "मम्मा, और कितनी देर" विचारणारी. त्या वर्षी सगळा बोजवारा उडाला. मोदक कमी पडले, नाटुकलं दीड तास उशिरा सुरू झालं आणि माइक ऐन अध्यक्षांच्या भाषणात चालू राहिला, जो खरं तर बंद पडायला हवा होता. अंकल उत्साहाने उठले आणि त्यांनी कार्यकारिणीला डीब्रीफला बसवलं. नियम समजावून सांगितला, आधी आपली चूक. सगळ्यांना कल्पना फार आवडली. मग खजिनदार म्हणाले की माझी चूक एवढीच की मी चिटणिसांवर विश्वास ठेवला. चिटणीस म्हणाले, माझी चूक की मी हे पद स्वीकारलं. मोदकांच्या प्रमुख बाई म्हणाल्या की त्यांची चूक म्हणजे त्यांनी नागपूरकरांच्या भुकेचा अंदाज घेतला नाही. तिथून पुढे जे पेटलं ते अनंत चतुर्दशीपर्यंत विझलं नाही.  परतताना गाडीत अंकल म्हणाले की त्यांनी जगात पुष्कळ धाडसी माणसं पाहिली, पण एवढी चपळ कधीच नाही.

टेबलापाशी तीन खुर्च्या होत्या असं मी मघाशी म्हटलं, त्यातल्या भिंतीकडच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. ती त्यांच्या गेलेल्या बायकोची, आंटींची, असं मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. तिची धूळ पुसताना मी जरा जपूनच पुसायचे. एकदा तसं मी बोलूनही दाखवलं, तर ते हसायला लागले. आंटींची खुर्ची मी रोज बसते तीच. तिचा एक पाय डुगडुगतो तो तिनेच डुगडुगवला, कारण चूक कबूल करायची वेळ आली की ती मागे रेलून झुलायची. मग ती तिसरी कुणाची, असं मी विचारलं. त्यावर त्यांना एकदम आठवलं की तुळशीला पाणी घालायचं राहिलंय.

त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत, ओहायोला. ती दर रविवारी त्यांना फोन करायची आणि अधूनमधून मला. आई गेली तेव्हा तिने वडिलांना तिकडे चला म्हणून खूप विनवलं होतं. शेवटी बापलेकींमध्ये एक करार झाला. जोवर ते स्वतः गाडी चालवतायत, आपलं आपण बाजारहाट करतायत, तोवर चंडीगढ. ज्या दिवशी गाडी सुटेल त्या दिवशी ओहायो, आणि त्यावर वाद नाही. अंकलनी तसा शब्द दिला होता. फोनवर ती मला दर वेळी विचारायची की दीदी, पापा गाडी नीट चालवतात ना. मी म्हणायचे, एकदम पक्का.

तेव्हा ते खरंच होतं. मग हळूहळू ते तसं राहिलं नाही. फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली, पुन्हा एकदा घासली, मग डावीकडचा आरसाच गेला. अंकल म्हणाले, खांब हलतो. मी हसले. सुखना तलावाजवळ एक सायकलवाला डावीकडून एकदम समोर आला तेव्हा ते दचकले आणि म्हणाले की ही पोरं कुठून उगवतात कळत नाही. तो पोरगा मला केव्हाचा दिसत होता. तरी मी काही बोलले नाही. परवाना नवा करताना गल्लीतल्या डॉक्टरांनी चहा पितापिता सही केली होती, कारण त्यांनाही आंटींनी इंजेक्शनं दिलेली. सगळ्यांचा त्यांच्यावर जीव, त्यामुळे सगळ्यांचीच नजर जरा अधू झाली होती.

दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं पिंजौरला जायचो. माझा नवरा नोकरीमुळे पुण्यात, त्यामुळे शनिवार माझा मोकळाच असायचा. पिंजौरला एक छोटी धावपट्टी आहे. शिकाऊ वैमानिक तिथे विमानं उतरवतात. कुंपणाबाहेर गाडी लावून आलूचे पराठे खात अंकल त्या पोरांना मार्क द्यायचे. हा घाबरलाय, ही छान उतरली, या तिसऱ्याला आज ओरडा बसणार. वर उडणाऱ्यांना याचा पत्ताही नसायचा. त्या वेळी अंकलचा चेहरा असा उजळायचा की आठवडाभराचा माझा शीण जायचा. माझे वडील लवकर गेले, त्यामुळेही असेल, पण मला तो शनिवार फार प्रिय होता.

अशाच एका शनिवारी परत येताना, पंचकुल्याच्या अलीकडच्या गोल चौकात, अंकलनी गाडी डावीकडे वळवली. डाव्या बाजूला एक स्कूटर होती. पोपटी रंगाची, चालवणारी एक बाई, आणि तिच्या पुढ्यात उभी एक चार-पाच वर्षांची मुलगी. अंकलनी गाडी सरळ तिच्या अंगावर घातली. मी ओरडले आणि त्यांच्या हातावरून स्टिअरिंग ओढलं. बाईने करकचून ब्रेक लावला, स्कूटर कलंडली आणि दोघी रस्त्याकडेच्या वाळूत पडल्या. मी धावत गेले. बाईचं कोपर खरचटलं होतं, मुलीला काही लागलं नव्हतं, ती फक्त सांडलेल्या दुधाच्या किटलीकडे बघत होती. बाई चिडून उठली, तेवढ्यात अंकल काठी टेकत आले. त्यांचे पांढरे केस बघून तिचा आवाजच बदलला. "कोई बात नहीं अंकल जी, आप ठीक हो?" तिने उलट त्यांनाच पाणी दिलं.

गाडीत बसल्यावर अंकल म्हणाले की ती कुठून आली कळलंच नाही. 

सहा वाजता दोन कप, त्यांच्यावर दोन बशा. त्यांनी आपल्या चुका सांगितल्या. वेग जास्त होता. वळण्याआधी डावीकडे मान वळवायला हवी होती. मग विचारलं, "नंबर टू, तुमने क्या देखा?"

मला काय दिसलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ती स्कूटर बराच वेळ आमच्या बरोबरीने चालली होती, भर उजेडात, पोपटी रंगाची. ती न दिसण्याला एकच कारण होतं. पण ते मी बोलले की गाडी सुटणार, गाडी सुटली की ओहायो. हे टेबल, सासूच्या भाषेतली भांडणं, आंटींची तुळस, पिंजौरचा शनिवार, सगळं एका वाक्यात जाणार. मी म्हटलं, ती बाईच वेगात होती, अंकल.

टेबलापाशी त्यांना अंकल म्हटलं तरी त्यांनी टोकलं नाही. ते भिंतीकडच्या खुर्चीकडे बघत राहिले. मग बोलायला लागले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी सलग इंग्रजीत बोलले. त्या भाषेत त्यांचा आवाज वेगळाच होता, कुणा तरुण आणि बुजऱ्या माणसाचा.

त्या तळावर ते नवे होते तेव्हा त्यांना एक लीडर मिळाला. वयाने मोठा, सगळ्या तळाचा लाडका. यांना जे जे येत होतं ते त्याने शिकवलेलं. हे त्याचे नंबर टू, म्हणजे आकाशात त्याच्या मागेपुढे राहून त्याची पाठ राखायची. काही दिवसांनी यांच्या लक्षात आलं की मेसमध्ये तो फळ्यावरचे पदार्थ यांना वाचायला लावतो. दुसरी विमानं त्याला उशिरा दिसतात. डोळे तपासायचा तक्ता त्याने पाठ केला होता, आणि ते त्याने यांना हसत हसत सांगितलंही होतं. त्याची घरी जायची वेळ जवळ आली होती. कुणी तक्रार केली असती तर त्याचं उडणं तिथेच संपलं असतं, तेही बदनाम होऊन. दर डीब्रीफला तो यांना विचारायचा, तुला काय दिसलं, आणि हे म्हणायचे, काही नाही, सर.

एके दिवशी धुरकट हवेत लीडरने खाली सूर मारला आणि वर उचलायला उशीर केला. हे मागेच होते. रेडिओवर ओरडले, पण तेव्हा विमान आणि डोंगर यांच्यामध्ये काही उरलं नव्हतं.

"संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, काय दिसलं," अंकल म्हणाले. "मी सांगितलं, खालून गोळीबार झाला. त्याच्या बायकोला पदक मिळालं. सगळे मला म्हणाले, तू फार निष्ठावान आहेस."

 ही गोष्ट त्यांनी आयुष्यात फक्त एकाच माणसाला सांगितली होती. लग्नाआधी आंटींना. तिने ऐकून घेतलं, रडली नाही, माफही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून एक लहान टेबल आणि तीन खुर्च्या आणल्या, ह्याच, आणि सांगितलं की इथून पुढे आपल्या घरात प्रत्येक गोष्टीची डीब्रीफ होईल, आणि तिसऱ्या खुर्चीत तो बसलाय असं समजून होईल. इतकी वर्षं ज्याला सगळा सेक्टर गोऱ्या म्हाताऱ्याचं खूळ समजत आला, ते एका पंजाबी डॉक्टरने लिहून दिलेलं औषध होतं. मला एकदम ब्रिगेडियरांची आठवण झाली. विनय कसला, खालून गोळीबार झाला या त्या एका वाक्याच्या आसपासही अंकल कधी फिरकले नव्हते.

"माझं त्याच्यावर फार प्रेम होतं," अंकल म्हणाले, "म्हणून मी बोललो नाही. तूही त्यासाठीच बोलत नाहीयेस. मला ते माहीत आहे." मग पुन्हा हिंदीत, अगदी हळू, "नंबर टू, तुमने क्या देखा?"

मी मागे रेलले. खुर्चीचा पाय डुगडुगला. मला रडू येत होतं आणि ते मी आवरलंही नाही.

"स्कूटर खूप वेळ आपल्या डाव्या बाजूला होती," मी म्हटलं. "तुम्हाला ती दिसली नाही. मागे सायकलवाला दिसला नव्हता. फाटकाचा खांबही दिसत नाही. तुम्हाला डावीकडचं काहीच दिसत नाही."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग बशी उचलून कप माझ्याकडे सरकवला. कॉफी पार गार झाली होती, ती आम्ही दोघंही पूर्ण प्यायलो.

मुलीला फोन त्यांनी स्वतःच केला, त्याच रात्री, आपल्या चुकांपासून सुरुवात करून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात तेच सांगितलं, काचबिंदूने डावीकडची बरीचशी नजर नेली होती आणि गेलेली परत येण्यासारखी नव्हती. ब्रिगेडियर माझ्यावर भयंकर नाराज झाले. ड्रायव्हर ठेवता आला असता, मोबाइलवरून टॅक्सी मागवता आली असती, त्यांनी महिनाभर वाद घातला. अंकल म्हणाले की करारात टॅक्सी नव्हती. दिलेल्या शब्दातून पळवाट काढायची त्यांना सवयच नव्हती. दूधवाला तर माझ्याशी काही दिवस बोललाच नाही.

कागदपत्रं, सामान, घराची व्यवस्था यात थंडी गेली. तेवढ्या काळात मारुती मी चालवायला शिकले. परवाना माझ्याकडे सांगलीपासून होता, हिंमत नव्हती. शनिवारी पिंजौरला मी गाडी न्यायचे आणि ते शेजारी बसायचे, नंबर टू म्हणून. प्रदक्षिणा मात्र दोघांनी मिळून व्हायची, ते उजवीकडून आणि मी डावीकडून. माझ्या गाडी चालवण्यावर त्यांनी घेतलेल्या डीब्रीफा हा माझ्या आयुष्यातला एक खडतर अभ्यासक्रम आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी तेव्हापासून पुष्कळच सौम्य वागवते. जाताना त्यांनी गाडी मला दिली. तुळस ब्रिगेडियरांना दिली, आणि ते ती इमानाने पाणी घालून जगवतायत. तिन्ही खुर्च्या आणि टेबल आहे तिथेच आहे. खालचं घर बंद ठेवायला मुलीने नको म्हटलं, म्हणून खालची किल्लीही माझ्याकडेच असते.

विमानतळावर मला वाटलं होतं ते काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सासूबाईंच्या थाटात बजावलं की पालक नेहमी देठ मोडून घ्यायचा.

आता दर शनिवारी संध्याकाळी आमची मोबाइलवर डीब्रीफ असते. तिकडे त्यांची सकाळ. मी खाली जाऊन त्या टेबलापाशीच बसते, फोन तिसऱ्या खुर्चीवर ठेवायचा नाही, कारण ती त्या लीडरची, एवढं पथ्य पाळते. त्यांच्या चुका बहुतेक नातवाच्या गणिताबद्दल आणि तिथल्या थंडीत चोरून अर्धी चड्डी घालण्याबद्दल असतात. परवाच्या शनिवारी माझी पाळी आली. बरेच दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं. माझी चूक ही, की त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं.

पडद्यावर त्यांनी हात वर केला. ते काही बोलायच्या आधीच मला नियम आठवला. जे वाटलं ते नंतर.

म्हणून मग जे दिसलं ते सांगितलं. आज सकाळी मी पिंजौरहून एकटी येत होते. पंचकुल्याच्या अलीकडच्या चौकात ती पोपटी स्कूटर होती. तीच बाई, मीच काच खाली करून हात केला तर तिने ओळखलं. मुलगी आता उंच झालीय, पुढे उभी राहत नाही, आईच्या मागे बसते. दुधाची किटली तिच्या मांडीवर होती.

 अंकलनी विचारलं की स्कूटर कुठल्या बाजूला होती.

"डावीकडे," मी म्हटलं. "लांबूनच दिसली."

त्यांनी आपल्या कपावरची बशी उचलली आणि कप पडद्याच्या दिशेने सरकवला.